विनोबांची निद्रा

पेण आणि रोहे हा डोंगरांचा व भातखाचरांचा मुलूख. पूर्वी तो कुलाबा जिल्ह्यात गणला जाई. आज त्या जिल्ह्यास रायगड म्हणतात. ह्याच मुलखात, पेण तालुक्यातील गागोदे ह्या खेड्यात, ११ सप्टेंबर १८९५ रोजी विनायक नरहरी भावे ह्यांचा जन्म झाला. पुढे साऱ्या देशाने त्यांना विनोबा म्हणून ओळखले. आई रुक्मिणीबाई मोठ्या भक्तिमती होत्या. विनायकाने बालपणीच ब्रह्मचर्याचा निश्चय केला आणि गादीवर निजणे सोडून दिले. १९१६ साली ते परीक्षेसाठी मुंबईस निघाले. परंतु वाटेत सुरतेस उतरून त्यांनी काशीची वाट धरली. त्याच वर्षी ते गांधीजींच्या आश्रमात दाखल झाले.

विनोबांनी निद्रेस कधी आळस मानले नाही आणि तिचे लाडही केले नाहीत. रात्री लवकर निजावे व पहाटे तीनच्या सुमारास उठावे, असा त्यांचा नेम असे. स्वप्नरहित गाढ झोप त्यांना समाधीसारखी वाटे. निजताना मनात धरलेला विचार मातीखालच्या बीजाप्रमाणे झोपेत वाढतो, अशी त्यांची धारणा होती. भातपेरणीच्या मुलखात जन्मलेल्यास हा दृष्टान्त सुचावा, ह्यात नवल ते काय!

१८ एप्रिल १९५१ रोजी तेलंगणातील पोचमपल्ली येथे भूमिहीनांसाठी त्यांना शंभर एकर जमीन मिळाली. तेथून भूदानयात्रा सुरू झाली. पुढे तेरा वर्षे विनोबा गावोगाव पायी हिंडले. पहाटेच्या अंधारात कंदिलाच्या उजेडात ते चालू लागत.

१९५३ साली ते बिहारमध्ये फिरत होते. त्याच वर्षी अमेरिकेतील शिकागो येथे ॲसेरिन्स्की व क्लाइटमन ह्या शास्त्रज्ञांनी एक शोध जाहीर केला. क्लाइटमन हेही १८९५ सालचेच. निजलेल्या माणसाचे डोळे मिटल्या पापण्यांखाली मधूनमधून भराभर हलतात. अशा वेळी त्यास उठविले, तर तो बहुधा स्वप्न सांगतो. ही निद्रा सुमारे दर नव्वद मिनिटांनी येते आणि पहाटेकडे लांबत जाते. मांजरालाही ती असते. त्या वेळी त्याचे अंग सैल पडते, मिश्या मात्र थरथरतात. जाग आल्यावर बहुतेक स्वप्ने आठवत नाहीत, म्हणून रात्र स्वप्नावाचून गेली असे आपणांस वाटते. विनोबांची समजूत येथे शास्त्राशी पुरती जुळत नाही. बीजाचा दृष्टान्त मात्र बराच खरा ठरला आहे. दिवसा शिकलेले झोपेत पक्के होते, हे पुढील प्रयोगांत दिसून आले.

१९८२ साली वर्ध्याजवळील पवनारच्या आश्रमात विनोबा आजारी पडले. त्यांनी अन्न, पाणी व औषध सोडले. १५ नोव्हेंबर रोजी त्यांनी देह ठेवला.