तबकडीवर आवाज बसवणारा कारकून

आमच्या वाईच्या घरी माजघरात चावीचा ग्रामोफोन होता. चावी फिरवण्याचा मान वयाप्रमाणे ठरलेला असल्यामुळे आणि मी सर्वांत धाकटा असल्यामुळे माझ्या वाट्याला सुया मोजण्याचे काम यायचे. एक बाजू वाजली की सुई बदलायची, असा काकांचा दंडक. तापल्या दुधाचे पातेले उचलावे तशा काळजीने ते तबकडी दोन्ही तळव्यांत कडेने धरीत. बालगंधर्वांचे पद सुरू झाले की आई हातातले काम टाकून स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी येऊन बसे. ती स्वतः पहाटे जात्यावर ओव्या म्हणायची, तेव्हा मात्र कोणी उंबऱ्याशी येऊन बसल्याचे मला आठवत नाही.

हे सगळे आठवायला एक निमित्त घडले. 'अमेरिकन एपिक' नावाची २०१७ सालची माहितीपट मालिका मी मुलाच्या आग्रहावरून पाहिली. १९२५च्या सुमारास विजेवर ध्वनिमुद्रण करण्याची पद्धत आली. त्या काळची एक यंत्रणा निकोलस बर्ग नावाच्या ध्वनी-अभियंत्याने ठिकठिकाणचे सुटे भाग जमवून दहा वर्षांच्या खटपटीने पुन्हा उभी केली. लेथ म्हटले की आपल्याला लोखंड कातणारे यंत्र आठवते. हा लेथ आवाज कातणारा. फिरत्या तबकडीवर टोकदार सुई खोबण कोरीत जाते आणि एक लांब स्क्रू सुईला केसाकेसाने पुढे सरकवतो. गती एकसारखी राहावी म्हणून तबकडी फिरवायला जड वजन लावलेले. ते हळूहळू खाली येते आणि जमिनीला टेकायच्या आत गाणे संपवायचे असते. मोठमोठे गवई त्या वजनाकडे डोळे लावून गाताना पाहिले आणि माझ्या मनात आले, की आवाज असा तबकडीवर बसवण्याची कल्पना पहिल्यांदा कोणाच्या डोक्यात आली असेल?

एडिसनचे नाव चटकन ओठांवर येते. पण एडिसनच्या फोनोग्राफवर असायची ती नळी. तबकडी एमिल बर्लिनरची. त्याचे चरित्र वाचू लागलो आणि गुंतून गेलो, त्याचे खरे कारण सांगायला हरकत नाही. हा मनुष्य मुळात कारकून होता. मीही बँकेत तीस वर्षे खतावण्या जुळवल्या आणि रात्री जेवणे झाल्यावर कादंबऱ्या लिहिल्या. दिवस दुसऱ्याचा आणि रात्र आपली, हा हिशेब मला चांगला कळतो.

बर्लिनरचा जन्म २० मे १८५१ रोजी जर्मनीतल्या हॅनोव्हर शहरात एका ज्यू कुटुंबात झाला. तेरा भावंडे, वडील व्यापारी, आईला संगीताची आवड. चौदाव्या वर्षी शाळा संपली ती कायमची. आधी छापखान्यात उमेदवारी, मग कापडाच्या दुकानात कारकुनी. १८७० साली फ्रान्सशी युद्धाचे ढग जमू लागले आणि सक्तीच्या सैन्यभरतीची चिन्हे दिसू लागली. कुटुंबाच्या एका परिचिताचे वॉशिंग्टनमध्ये कापडाचे दुकान होते. त्याच्या भरवशावर एकोणीस वर्षांच्या एमिलने बोट पकडली.

अमेरिकेतही तेच वार आणि तेच कापड. मध्यंतरी तो न्यूयॉर्कला गेला. तिथे पोटासाठी मिळेल ते काम करायचे आणि रात्री कूपर इन्स्टिट्यूटच्या वाचनालयात जाऊन वीज आणि ध्वनी या विषयांवरची पुस्तके वाचायची, असा क्रम सुरू झाला. काही काळ त्याने कॉन्स्टंटिन फालबर्ग या रसायनशास्त्रज्ञाच्या प्रयोगशाळेत बाटल्या धुतल्या. सॅकरीनच्या शोधाशी ज्याचे नाव जोडलेले आहे, तोच हा फालबर्ग. महाविद्यालयाची पायरी एमिल कधी चढला नाही.

१८७६ साली बेल यांचा टेलिफोन आला. यंत्र अद्भुत, पण बोलणाऱ्याचा आवाज पलीकडे अगदी क्षीण पोचे. बर्लिनर तेव्हा पुन्हा वॉशिंग्टनला येऊन दुकानात काम करीत होता. आगीची वर्दी देणाऱ्या तारखात्यात त्याचा एक ओळखीचा माणूस होता. लांबच्या गावी तार पाठवताना बटण जरा जोराने दाबावे लागते, असे त्याने सहज सांगितले. आपण हे ऐकून सोडून दिले असते. बर्लिनर मात्र त्यावर विचार करीत बसला. दाब वाढला की दोन धातूंचा स्पर्श घट्ट होतो आणि जास्त वीज वाहते. मग हा दाब बोटाऐवजी आवाजाच्या लहरींनी दिला तर? भाड्याच्या खोलीत त्याने सैल स्पर्शाचा ट्रान्समीटर तयार केला आणि एप्रिल १८७७ मध्ये, पंचविसाव्या वर्षी, वकिलाशिवाय स्वतःच त्याचा अर्ज लिहून पेटंट कचेरीत दाखल केला. पुढे बेल कंपनीने त्याचे हक्क घेतले आणि त्यालाही नोकरीत घेतले.

इथे एखादा माणूस समाधानाने थांबला असता. पगार चांगला, १८८१ साली लग्नही झालेले. पण काही वर्षांनी त्याने ती नोकरी सोडली आणि घरी प्रयोग करू लागला. हे वाचताना मी चष्मा काढून थोडा वेळ बसलो. कादंबरीसाठी नोकरी सोडण्याचा विचार माझ्याही मनात अनेकदा येऊन गेला होता. मी निवृत्तीपर्यंत वाट पाहिली.

एडिसनच्या नळीवर सुई खालीवर होत खड्डे पाडायची. बर्लिनरने सुईला डावीउजवीकडे हलवले, म्हणजे खोली सारखी राहते आणि रेघ नागमोडी होते. ८ नोव्हेंबर १८८७ रोजी त्याला पेटंट मिळाले. पुढच्या वर्षी १६ मे रोजी फिलाडेल्फियाच्या फ्रँकलिन इन्स्टिट्यूटमध्ये त्याने आपला ग्रामोफोन वाजवून दाखवला. त्याची मुद्रणाची रीत एखाद्या नक्षीकाराला शोभावी अशी होती. जस्ताच्या पत्र्यावर मेणाचा अगदी पातळ थर द्यायचा. आवाजाने थरथरणारी सुई तो थर खरवडत जायची. मग पत्रा आम्लात बुडवायचा. मेण असेल तिथे आम्ल पोचत नाही. सुईने उघडी केलेली रेघ तेवढी धातूत कोरली जाते.

पण बर्लिनरची खरी मोठी गोष्ट याच्या पुढची आहे. त्या पत्र्यावरून उलटा ठसा घ्यायचा आणि त्या ठशाने हव्या तेवढ्या तबकड्या दाबून काढायच्या. सुरुवातीच्या काळात नळ्यांसाठी गायकाला तेच गाणे पुन्हा पुन्हा म्हणावे लागे. बर्लिनरने रबरी शिक्का तयार केला, असे बँकेच्या भाषेत म्हणता येईल. सही एकदाच करायची, पावत्या हजार.

बाजारात मात्र हा शिक्का लगेच चालला नाही. १८८९च्या सुमारास जर्मनीत त्याचे यंत्र विकले गेले ते लहान मुलांचे खेळणे म्हणून. हाताने दांडा फिरवायचा, त्यामुळे हात दमला की गायकही दमे. कडक रबराच्या तबकड्या नीट सपाट उतरत नसत. अखेर न्यू जर्सीच्या एका बटणे बनवणाऱ्या कारखान्याने लाखेचे मिश्रण वापरून तबकड्या दाबून दिल्या. ही लाख म्हणजे आपल्याकडचे सुतार पॉलिशला वापरतात तो चपडा. पळस, बोर, कुसुम यांच्या फांद्यांवरचे किडे ती तयार करतात आणि ती मुख्यतः हिंदुस्थानातून जगभर जात असे. कॅम्डेनच्या एल्ड्रिज जॉन्सन या यंत्रज्ञाने १८९६ साली स्प्रिंगची मोटर दिली आणि आमच्या माजघरातल्या त्या चावीचा जन्म झाला.

धंदा जमला आणि भांडणे आली. विक्रीचे हक्क ज्याला दिले, त्या फ्रँक सीमनशी कोर्टकज्जा झाला. १९०० साली कोर्टाच्या मनाईमुळे बर्लिनरला अमेरिकेत स्वतःचाच ग्रामोफोन विकता येईना. वयाच्या एकोणपन्नासाव्या वर्षी त्याने कॅनडात माँट्रियलला व्यवसाय हलवला. अमेरिकेतला पुढचा पसारा जॉन्सनच्या व्हिक्टर कंपनीने १९०१पासून वाढवला. कर्ण्यासमोर कान देऊन बसलेला कुत्रा जगभर गेला. त्या बोधचिन्हाची अमेरिकेतली नोंदणी बर्लिनरच्याच नावे झाली होती, हे फार थोड्यांना ठाऊक असते.

बर्लिनरच्या हाताखाली तयार झालेला फ्रेड गायसबर्ग नोव्हेंबर १९०२ मध्ये कलकत्त्याला आला. त्याने गौहरजान यांचे गाणे मुद्रित केले. गाण्याच्या शेवटी बाई इंग्रजीत आपले नाव सांगत, कारण तबकड्या छापल्या जाणार होत्या समुद्रापलीकडे, आणि तिथल्या कामगारांना कोणाचे गाणे ते कळायला हवे. तो कारखाना होता हॅनोव्हरमध्ये. एमिल आणि त्याच्या भावाने १८९८ साली तो उभा केला होता. ज्या गावातून कापड दुकानातला पोरगा निघून गेला, त्याच गावात आपल्याकडचे सूर लाखेवर उमटून परत येत होते.

याच सुमारास त्याच्या घरात वेगळेच संकट आले होते. १९०० साली त्याची तान्ही मुलगी अ‍ॅलिस पोटाच्या विकाराने मरणाच्या दारी पोचली. अमेरिकेतल्या शहरांत तेव्हा दूध सर्रास न तापवता पाजले जाई आणि कितीतरी बालके दगावत. अ‍ॅलिस वाचली. बर्लिनरने मात्र तो विषय सोडला नाही. दूध जंतुरहित करूनच विकावे यासाठी तो वर्षानुवर्षे लेख लिहीत, पत्रके वाटीत, सभा भरवीत राहिला. मुलांना स्वच्छता शिकवण्यासाठी त्याने बालकविताही लिहून छापल्या. आईच्या नावाने, सेरा बर्लिनर यांच्या नावाने, त्याने स्त्री-संशोधकांसाठी शिष्यवृत्ती ठेवली. मुलगा हेन्री याच्याबरोबर हेलिकॉप्टरचे प्रयोगही केले. ३ ऑगस्ट १९२९ रोजी, अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, वॉशिंग्टनमध्ये तो गेला.

जाण्याआधी त्याने घरच्यांना काही सूचना लिहून ठेवल्या होत्या. अंत्यसंस्कारावर फार खर्च करू नये, तान्ही मुले असलेल्या काही गरीब आयांना थोडे पैसे द्यावेत, सूर्यास्ताच्या सुमारास आपले दफन करावे. आणि त्या वेळी अ‍ॅलिसने पियानोवर बेथोव्हेनची 'मूनलाइट सोनाटा' वाजवावी. मी ही ओळ दोनदा वाचली. ज्याने घरोघरी तबकडी पोचवली, त्याने स्वतःच्या शेवटच्या दिवशी तबकडी लावायला सांगितली नाही. दुधापायी जी मुलगी हातची जायची होती, तिने समोर बसून वाजवावे, एवढेच मागितले.

माझी आई १९७१ साली गेली. घरी तेव्हा ग्रामोफोन होता, पण तो नुसता वाजणारा. टेपरेकॉर्डर आला पुढे आठ वर्षांनी. बालगंधर्व, हिराबाई यांचे आवाज आजही माझ्या कपाटात आहेत. आईचा आवाज कुठेच नाही.

थोरल्या ताईला आईच्या चार ओव्या येतात, हे मला माहीत होते. ती आता ऐंशीच्या पुढे आहे. इतकी वर्षे मी तिच्याकडे विषय काढला नव्हता. ती चेष्टा करील, असे उगीच वाटायचे. या दिवाळीत वाईला गेलो तेव्हा काढला. ताई आधी नाही म्हणाली, मग उठून दार लावून आली, आणि जाते नसल्यामुळे पाटावर नुसता हात फिरवत म्हणू लागली. मोबाइलचे बटण दाबून मी तो पाटाजवळ ठेवला. तिसऱ्या ओवीला ती अडखळली. कोणता शब्द ते आम्हा दोघांनाही आठवेना. तिने ती जागा तशीच सोडली आणि चौथी सुरू केली.