विषातून औषध गाळणारे विदरिंग

विल्यम विदरिंग यांचा जन्म १७४१ सालचा, इंग्लंडमधील वेलिंग्टन गावातला. १७६६ मध्ये एडिंबरो येथे ते डॉक्टर झाले. विद्यार्थी असताना वनस्पतिशास्त्र त्यांना नकोसे वाटे. पुढे हेलेना कुक्स या फुलांची चित्रे काढणाऱ्या रुग्णासाठी ते फुले गोळा करू लागले आणि या विषयाची गोडी लागली. १७७२ मध्ये दोघांचा विवाह झाला.

१७७५ मध्ये एका म्हाताऱ्या बाईचे, घराण्यात जपलेले औषध त्यांच्याकडे अभिप्रायासाठी आले. अंगावर पाणी चढून सुजलेले रुग्ण त्याने बरे होत. त्यात वीसेक वनस्पती होत्या. गुण येतो तो फॉक्सग्लव्ह, म्हणजे डिजिटॅलिसमुळे, हे विदरिंग यांनी ओळखले. पण ही वनस्पती विषारी. मात्रा जास्त झाली की उलट्या होत, वस्तू पिवळ्या-हिरव्या दिसत, नाडी मंदावे. फुले येण्याच्या सुमाराची पाने वाळवून, त्यांची पूड मोजून त्यांनी योग्य मात्रा शोधली. दहा वर्षांच्या नोंदी १७८५ मध्ये ग्रंथरूपाने छापल्या. त्यात गुण न आलेले रुग्णही त्यांनी वगळले नाहीत. औषधाची परीक्षा कशी घ्यावी, याचा तो धडाच होता.

हृदयावर या औषधाचा असर होतो, हे त्यांना जाणवले होते. कसा होतो, हे कळायला पावणेदोनशे वर्षे लागली. १९५३ मध्ये स्वित्झर्लंडमधील हान्स शात्समान यांनी माणसाच्या तांबड्या रक्तपेशींवर प्रयोग केले. या पेशी सोडियम बाहेर टाकतात आणि पोटॅशियम आत ओढतात. डिजिटॅलिसच्या गटातील औषधांनी ही ने-आण थांबते, असे त्यांना दिसले. १९५७ मध्ये डेन्मार्कच्या येन्स स्कू यांना खेकड्याच्या मज्जातंतूंत या पंपाचे विकर सापडले. एका फेरीत हा पंप तीन सोडियम बाहेर व दोन पोटॅशियम आत नेतो. हृदयाच्या पेशीत तो मंदावला की सोडियम साचते, त्यामुळे कॅल्शियमही वाढते आणि हृदयाचे आकुंचन जोरकस होते. पंप फारच अडला, तर ठोक्यांची लय बिघडते. गुण आणि विष दोन्ही एकाच जागी!

विदरिंग १७९९ मध्ये क्षयाने गेले. त्यांच्या स्मृतिशिलेवर फॉक्सग्लव्ह कोरलेले आहे.

याच वर्गातील डिगॉक्सिन आजही काही हृदयरुग्णांना दिले जाते. रक्तातले पोटॅशियम कमी झाले किंवा मूत्रपिंडे अशक्त असली, तर नेहमीची गोळीही जास्त ठरते. म्हणून भूक मेली, मळमळ झाली, पिवळे दिसू लागले किंवा नाडी मंद वाटली, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. मनाने मात्रा वाढवू नका. आपल्या कुंपणावरच्या पिवळ्या कण्हेरीच्या बियांतही असेच विष असते. मुलांना त्यांच्याशी खेळू देऊ नका आणि कोणी बी खाल्ली, तर घरगुती उपायांत वेळ न घालवता थेट रुग्णालय गाठा.