तारांचे जाळे विणणारा डॉक्टर

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून निघालेली पहिली आगगाडी ठाण्याला पोहोचली आणि १ मे १८५४ रोजी ती कल्याणपर्यंत धावू लागली. हा इतिहास ठाणे-कल्याणकरांना नव्याने सांगण्याची गरज नाही. मात्र त्याच सुमारास मुंबईला आग्र्याशी जोडणारी विजेची तारही उभी राहत होती, याची आठवण क्वचितच निघते. या तारेमागचा माणूस पेशाने डॉक्टर होता. त्याचे नाव विल्यम ब्रुक ओशॉनेसी.

आयर्लंडमधील लिमेरिक येथे जन्मलेल्या ओशॉनेसी यांनी एडिंबरा येथे वैद्यकाचे शिक्षण घेतले. १८३१-३२ च्या पटकीच्या साथीत रुग्णांच्या रक्तातील पाणी व क्षार घटतात, हे त्यांनी दाखवून दिले. शिरेतून सलाईन देण्याच्या उपचाराला त्यातूनच चालना मिळाली. १८३३ मध्ये ते ईस्ट इंडिया कंपनीच्या सेवेत बंगालला आले आणि पुढे कोलकात्याच्या मेडिकल कॉलेजात रसायनशास्त्र शिकवू लागले.

१८३९ मध्ये त्यांनी कोलकात्याजवळ बांबूंवर काही मैल तार ताणून संदेशवहनाचे प्रयोग केले. सरकारने त्यांची दखल घेतली नाही. गव्हर्नर जनरल लॉर्ड डलहौसी यांच्या पाठिंब्याने १८५१ मध्ये कोलकाता ते डायमंड हार्बर ही तार सुरू झाली, तोवर एक तप उलटले होते. वादळवारे आणि माकडे यांपुढे बारीक तार टिकणार नाही, हे ओळखून त्यांनी जाड लोखंडी सळई वापरली. मार्च १८५४ मध्ये कोलकाता ते आग्रा हा सुमारे ८०० मैलांचा मार्ग पूर्ण झाला. पाठोपाठ मुंबई आणि मद्रासही जोडले गेले. १८५५ मध्ये तारसेवा सर्वसामान्यांसाठी खुली झाली.

संगणक जाळ्यांचा पहिला धडा गिरवणाऱ्या अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याला या व्यवस्थेत ओळखीच्या खुणा दिसतील. निरोपावर पत्ता हवा, मधल्या ठाण्याने तो उतरवून घेऊन पुढे धाडायला हवा आणि दोन्ही टोकांना एकच सांकेतिक लिपी कळायला हवी. आज राऊटर पॅकेट पुढे पाठवतो, ते काम तेव्हा तारमास्तर करीत. ओशॉनेसी यांनी स्वतःची यंत्रे घडवली होती. तरीही १८५७ च्या सुमारास त्यांनी ती बाजूला ठेवून मोर्सची पद्धत स्वीकारली. स्वतःच्या शोधापेक्षा सर्वांना समान असलेला नियम मोठा मानणे, हेच प्रोटोकॉलचे मर्म होय.

१८५६ मध्ये त्यांना ‘सर’ किताब मिळाला. पुढच्याच वर्षीच्या उठावात हीच तार इंग्रजी सत्तेच्या कामी आली आणि बंडवाल्यांनी ती ठिकठिकाणी तोडली. जाळे सर्वांना जोडते खरे. पण ते कोणाच्या हाती आहे, हा प्रश्न तेव्हापासूनचा आहे.

जानेवारी १८८९ मध्ये इंग्लंडमधील साउथसी येथे त्यांचे निधन झाले. भारतातील तारसेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली. आज लोकलच्या गर्दीत डोंबिवलीकर मोबाइलवरून क्षणात निरोप धाडतो, तेव्हा तो निरोप ओशॉनेसी यांच्या काळातील त्याच साध्या नियमांनी पुढे सरकत असतो.