नेब्युलियमचे कोडे सोडविणारे बोएन

नवे मूलद्रव्य शोधणाऱ्यांची चरित्रे आपण आवडीने वाचतो. मला मात्र एक खोटे मूलद्रव्य नाहीसे करणारे आयरा स्प्रेग बोएन अधिक भावतात.

१८६४ साली इंग्लंडमध्ये विल्यम हगिन्स यांनी एका अभ्रिकेचा, म्हणजे आकाशातील तेजस्वी वायुमेघाचा, वर्णपट पाहिला. त्यातील हिरव्या रेषा पृथ्वीवरील कोणत्याच मूलद्रव्याशी जुळेनात. तेव्हा एक नवे मूलद्रव्य कल्पून पुढे त्याचे 'नेब्युलियम' असे बारसेही झाले. सूर्यावर आधी दिसलेला हेलियम १८९५ साली पृथ्वीवर सापडला, तसे हेही सापडेल अशी आशा होती. परंतु आवर्त सारणीत त्याला जागाच उरली नाही.

बोएन यांचा जन्म १८९८ साली न्यूयॉर्क राज्यातील सेनेका फॉल्स येथे झाला. १९२१ मध्ये ते आपले गुरू मिलिकन यांच्याबरोबर कॅलिफोर्नियातील पॅसाडेना येथे आले. इलेक्ट्रॉन गमावलेल्या अणूंच्या जंबुपार रेषा मोजायच्या आणि त्यांवरून ऊर्जापातळ्या ठरवायच्या, हे किचकट काम ते वर्षानुवर्षे करीत राहिले. १९२७ साली त्यांनी दोन इलेक्ट्रॉन गमावलेल्या ऑक्सिजनच्या पातळ्यांची वजाबाकी केली आणि ५००७ व ४९५९ अँगस्ट्रॉमच्या त्याच हिरव्या रेषा हाती आल्या!

मग प्रयोगशाळेत त्या का दिसत नव्हत्या? उत्तेजित अणू एरवी सेकंदाच्या सुमारे दहा कोटीव्या भागात प्रकाश टाकून मोकळा होतो. ऑक्सिजनची ही अवस्था मात्र सरासरी अर्ध्या मिनिटाहून अधिक टिकते. प्रयोगशाळेतील दाट वायूत तेवढ्यात टक्कर होऊन तिची ऊर्जा हिरावली जाते. अभ्रिकेत घनसेंटिमीटरला कण असतात काही शेकडा वा हजार; तिथे अणूला निवांतपणा मिळतो.

अशी आयुर्माने व रेषांची तीव्रता आज संगणकावर काढतात. दोन्ही हिरव्या रेषा एकाच पातळीवरून निघतात, आणि त्यांचे प्रमाण गणिताने सुमारे ३ : १ येते. अभ्रिकांतही तेच आढळते. ४३६३ अँगस्ट्रॉमच्या रेषेशी तुलना केली की अभ्रिकेचे तापमान कळते. ते सुमारे १०,००० अंश असते.

बोएन १९४६ ते १९६४ माउंट विल्सन वेधशाळेचे, १९४८ पासून पालोमारचेही, संचालक होते. १९७३ साली ते निवर्तले. प्रयोगवहीत आकडे उतरवताना आपण कंटाळतो, तेव्हा मला त्यांची आठवण होते. ती वजाबाकी आपल्यालाही जमली असती. पण वजा करायचे आकडे मिळवायला त्यांनी उमेदीची वर्षे वेचली होती.