खोलीआधी शिस्त

ओपन वॉटरचं कार्ड मिळालं, आता टेक्निकल डायव्हिंग करायचंय? मग आधी शेक एक्सली कोण होता ते वाचा. १९४९ मध्ये फ्लोरिडात जन्मलेला हा गणिताचा शिक्षक. वेड मात्र पाण्याखालच्या गुहांचं. गुहांमध्ये डायव्हर्स कशामुळे दगावतात, हे त्याने एकेक अपघात तपासून शोधलं आणि १९७९ मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं. आधी प्रशिक्षण. बाहेरपर्यंत सलग दोरी. टाकीतली एक तृतीयांश हवा जायला, एक तृतीयांश यायला, उरलेली अडचणीसाठी. १९९४ मध्ये मेक्सिकोतल्या साकातोनच्या विवरात ३०० मीटर गाठण्याच्या प्रयत्नात तोही गेला. म्हणून कोर्स निवडताना तो किती खोल नेतो हे नंतर बघा. परत यायचं कसं शिकवतो, ते आधी विचारा.