लिपीसाठी झुंजलेले धर्मगुरू

रोमानियन भाषा लॅटिन कुळातली, पण एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत ती लिहिली जात असे सिरिलिक लिपीत. ही विसंगती दूर करण्यासाठी आयुष्य वेचणाऱ्यांत तिमोतेई चिपारिऊ यांचे नाव अग्रभागी घ्यावे लागेल.

२१ फेब्रुवारी १८०५ रोजी ट्रान्सिल्व्हानियातील पनादे या खेड्यात, शेतकरी कुटुंबात त्यांचा जन्म झाला. जवळचे ब्लाज हे ग्रीक-कॅथलिक पंथाचे केंद्र. पोपची सत्ता मानणारा, मात्र उपासना पौर्वात्य रीतीने करणारा हा पंथ. तेथेच चिपारिऊ शिकले, १८२५ पासून शिकवू लागले आणि १८२७ मध्ये धर्मगुरू झाले. लॅटिन-ग्रीकबरोबरच हिब्रू, अरबी, फारसी, तुर्की या भाषांचा त्यांनी व्यासंग केला. दुर्मीळ हस्तलिखिते जमविण्याचा छंद तर व्यसनच म्हणावा असा!

१८३३ मध्ये ब्लाजच्या मुद्रणालयाची सूत्रे त्यांच्याकडे आली आणि १८४७ च्या जानेवारीत ‘ऑर्गानुल लुमिनारी’ हे पत्र निघाले. लॅटिन लिपीत छापलेले ते पहिले रोमानियन वृत्तपत्र. हे धाडस लहान नव्हते. ज्यांच्यासाठी पत्र काढायचे ते पाद्री आणि शिक्षक सिरिलिक धर्मग्रंथांवर वाढलेले. त्यांनाच अनोळखी अक्षरे वाचायला लावायची होती.

पुढच्याच वर्षी क्रांतीचे वारे आले. १५ मे १८४८ रोजी ब्लाजच्या मैदानावर हजारो रोमानियन जमले. वेठबिगारीचा अंत आणि राष्ट्र म्हणून मान्यता या मागण्या मांडणाऱ्या त्या सभेचे चिपारिऊ एक चिटणीस होते. पत्राचे नावही बदलून ‘ऑर्गानुल नात्सिओनाल’ झाले, पण ते फार काळ टिकले नाही. १८४९ च्या युद्धात त्यांच्या ग्रंथसंग्रहाची नासधूस झाली. ग्रंथवेड्या माणसाला याहून क्रूर शिक्षा कोणती?

तरीही त्यांनी लेखणी ठेवली नाही. ते ब्लाजच्या विद्यालयाचे प्रमुख झाले, रोमानियन अकादमीच्या संस्थापक सदस्यांत गणले गेले. व्याकरणाचे दोन खंड १८६९ व १८७७ मध्ये निघाले. लॅटिन लिपीचा त्यांचा आग्रह तोवर फळाला आला होता. १८६० च्या दशकाच्या आरंभी रोमानियन संस्थानांनी ती अधिकृतपणे स्वीकारली होती.

त्यांचा दुसरा हट्ट मात्र टिकला नाही. शब्द उच्चाराप्रमाणे नव्हे, तर लॅटिन व्युत्पत्तीप्रमाणे लिहावा, असे त्यांचे मत. विद्वानांना ते भावले, शाळकरी मुलांना ते जाचक ठरले असते. १८८१ मध्ये अकादमी उच्चारानुसारी लेखनाकडे वळली. ३ सप्टेंबर १८८७ रोजी ब्लाज येथे चिपारिऊ यांचे निधन झाले. त्यांच्या संग्रहातील अनेक ग्रंथ व हस्तलिखिते आज क्लुज येथील अकादमीच्या ग्रंथालयात आहेत.