चुकलेला सिद्धान्त, सुधारलेले शहर

स्वच्छतेचे धडे आपण शाळेच्या पहिल्या इयत्तांपासून गिरवतो. परंतु स्वच्छता हा विद्यापीठात आणि प्रयोगशाळेत अभ्यासण्याचा विषय आहे, हे पटवून देण्यासाठी एका प्राध्यापकाला आयुष्य वेचावे लागले. त्यांचे नाव माक्स फोन पेटेनकोफर.

त्यांचा जन्म ३ डिसेंबर १८१८ रोजी बव्हेरियातील लिख्टेनहाइम येथे झाला. म्युनिकला राजदरबारी औषधे तयार करणाऱ्या काकांनी त्यांना शिकवले. तरुणपणी काकांशी बिनसले तेव्हा हे गृहस्थ घर सोडून चक्क नाटकात कामे करू लागले! पुढे ते परतले, १८४३ मध्ये वैद्यकाची पदवी घेतली आणि १८४७ पासून म्युनिक विद्यापीठात रसायनशास्त्र शिकवू लागले.

१८५४ मध्ये म्युनिकमध्ये पटकीची साथ आली. ते स्वतःही आजारी पडले. तेव्हापासून पटकीचे कारण शोधणे हा त्यांचा ध्यास झाला. घाणीने भिजलेल्या जमिनीत, भूजलाची पातळी खाली गेली की रोगाचे विष तयार होते, असा त्यांचा सिद्धान्त होता. पिण्याच्या पाण्याला ते दोष देत नसत. हिंदुस्थानातील सरकारी आरोग्य-अधिकाऱ्यांतही या मताचे समर्थक होते.

१८६५ मध्ये म्युनिकला आरोग्यशास्त्राचे स्वतंत्र अध्यासन निर्माण झाले व ते पेटेनकोफर यांना मिळाले. १८७९ मध्ये त्यांची आरोग्यशास्त्र संस्था सुरू झाली. हवा, वस्त्र, घर, जमीन, पाणी यांची तेथे मोजमापे होऊ लागली. पण हे ज्ञान त्यांनी वर्गाच्या चार भिंतींत कोंडले नाही. १८७३ मध्ये नागरिकांपुढे दोन व्याख्याने देऊन त्यांनी आरोग्याचा जमाखर्च मांडला. लंडनमध्ये दर हजारी २२ माणसे मरतात, म्युनिकमध्ये ३३. मग या जादा आजारपणात शहराचा किती पैसा बुडतो? हा हिशेब लोकांना समजला. भुयारी गटारे झाली, १८८३ मध्ये मांगफाल खोऱ्यातील स्वच्छ पाणी शहरात आले, आणि विषमज्वर झपाट्याने ओसरला.

सिद्धान्त मात्र टिकला नाही. १८८४ मध्ये रॉबर्ट कॉख यांना कलकत्त्याच्या एका तळ्यात पटकीचे जंतू सापडले. १८९२ मध्ये एल्ब नदीचे न गाळलेले पाणी पिणाऱ्या हॅम्बुर्गमध्ये आठ हजारांहून अधिक लोक दगावले. शेजारचे आल्टोना त्याच नदीचे पाणी वाळूतून गाळून पीत होते, ते बहुतांशी वाचले. तरीही ७ ऑक्टोबर १८९२ रोजी, वयाच्या ७३ व्या वर्षी, पेटेनकोफर यांनी पटकीचे जंतू असलेले द्रावण पिऊन टाकले. थोडे पोट बिघडले, इतकेच. आपले मत सिद्ध झाले असे त्यांना वाटले. पण एक माणूस वाचल्याने असे काही सिद्ध होत नाही. १८९४ मध्ये ते निवृत्त झाले. आप्तांच्या वियोगाने आणि निराशेने खचलेल्या या वृद्धाने १९०१ मध्ये स्वतःच आपली जीवनयात्रा संपवली.

त्यांचे मोठेपण कशात मानावे? धैर्याच्या त्या घोटात खचित नव्हे. ज्याने इतरांना मोजायला शिकवले, त्यालाच शेवटी हॅम्बुर्गचे आकडे दिसले नाहीत, ही त्यांच्या आयुष्याची शोकांतिका. पण शास्त्राची फळे सामान्य माणसाच्या नळापर्यंत पोहोचली पाहिजेत, हा त्यांचा धडा खोटा ठरलेला नाही. आपण अभ्यासकांनी त्यांचा हा धडा घ्यावा आणि त्यांची ती चूकही विसरू नये.